सुनेची आकडी खरी की खोटी?

पत्र असं आहे:

‘डॉक्टर, कसबा बावड्यातून लिहितेय. माझं वय ५८. सून २६ वर्षांची, लग्नाला चार वर्षं झाली, पदरात दोन वर्षांचा नातू. गेल्या वर्षी उन्हाळ्यात चटणी कांडपाला गेलो होतो, तिथं ती पहिल्यांदा पडली. तेव्हापासून चौदा महिने आकडी येतेय. आधी महिन्यातनं एकदा, आता आठवड्यातनं दोन-तीनदा. डोळे गच्च मिटून घेते, दातखिळी बसते, हातपाय झाडते, मान इकडून तिकडं हलवते. दहा-पंधरा मिनिटं चालतं, मध्येच थांबतं, परत सुरू होतं. डोळ्यांतनं पाणी गळत असतं. शुद्धीवर आली की रडते. एमआरआय चांगला आला. मेंदूचा आलेख काढला, त्या ईईजीत “थोडा बदल” आहे म्हणून गोळी सुरू केली, एकाच्या तीन झाल्या. दिवसभर पेंगते, केस गळतात, आकडी काही कमी नाही. गेल्या महिन्यात रात्री दवाखान्यात नेलं तर तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं छातीवर जोरात दाबून बघितलं आणि म्हणाला, “नाटक करतेय, घरी न्या.” तेव्हापासून माझा मुलगाही तेच म्हणतो. ती मला म्हणते, “आत्ती, मी मुद्दाम करत न्हाई.” शेजारीण म्हणते बाहेरचं आहे, नरसोबाच्या वाडीला न्या. माहेरच्यांना वाटतं आम्ही छळतो. मला एवढंच सांगा, आकडी खरी की खोटी? गोळ्या बंद करू का? दोघं दुसऱ्या बाळाचं बघायचं म्हणतायत. आणि दिवाळीत ती माहेरी असताना पहाटे झोपेत एकदा झालं होतं. जीभ चावली होती, उशीला रक्त होतं, चांगलं उजाडेपर्यंत कुणाला ओळखत नव्हती, असं तिची आई सांगते. ते डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं.
एक सासू’

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्या वाचनात मिटलेले डोळे, हलणारी मान आणि पंधरा मिनिटं एवढंच दिसलं, नि मनातल्या मनात मी निदान करूनही टाकलं. तिसऱ्यांदा वाचताना दिवाळीच्या ओळीशी अडखळलो. तुम्ही ती अगदी शेवटाला, जाता जाता लिहिलीय. माझ्या दृष्टीनं अख्ख्या पत्रात तीच सगळ्यात वजनाची आहे. तिच्याकडं येतो. आधी तुमचा प्रश्न.

तुमच्या सुनेची आकडी खरी आहे. ती मिरगीची आहे का, हा दुसरा प्रश्न. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की घरातही घोळ होतो नि दवाखान्यातही. मिरगीत मेंदूच्या पेशींमधली वीज अचानक एका लयीत सुटते आणि अंग त्या लयीनं हिसके खातं. पण अशी वीज न सुटताही माणसाला आकडी येते. ताण, भीती, जुनं काही सोसलेलं, कधी थकवा, कधी दुसरंच आजारपण, यातलं काहीतरी अंगावर येतं आणि मेंदू माणसाची शुद्ध आणि त्याचं शरीर यांची सांगड थोड्या वेळापुरती सोडून देतो. माणूस पडतो, थरथरतो, हाक मारली तर ओ देत नाही. त्यावर त्याचा ताबा नसतो. डॉक्टर मंडळी याला ‘पीएनईएस’ म्हणतात, अलीकडं ‘फंक्शनल सीझर’ म्हणायची पद्धत पडतेय. मी पेशंटशी बोलताना ‘मिरगी नसलेली आकडी’ म्हणतो. ‘खोटी’ हा शब्द मुद्दाम टाळतो, कारण तो एकदा उंबऱ्याच्या आत आला की बाहेर जात नाही.

मयताच्या घरचं आठवा. बातमी येते आणि एखादी बाई जागच्या जागी कोसळते, दातखिळी बसते, चारचौघी तिला धरून बसतात, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं. तिथं कुणी ‘नाटक करतेय’ म्हणत नाही, कारण दुःख सगळ्यांना समोर दिसत असतं. तुमच्या सुनेचं काय आहे ते दिसत नाही, म्हणून तिच्यावर शंका.

त्या पोरसवदा डॉक्टरवर मला फार चिडता येत नाही. त्याच्याच वयाचा असताना, रात्रपाळीत, मीही एका मुलीच्या छातीच्या हाडावर मूठ घासली होती. तिनं कळवळून माझा हात झटकला आणि मी सिस्टरकडं ‘बघा, म्हणालो होतो ना’ अशा थाटात पाहिलं. तासाभरानं ती मुलगी उठून बसली आणि म्हणाली, ‘इथं काळंनिळं कशानं झालंय ओ?’ मी केसपेपरात डोकं घातलं. आज एवढं कळतं की, दुखल्यावर हात झटकला म्हणजे मिरगीचा मोठा झटका त्या क्षणी चालू नव्हता. मुद्दाम करत होती, हे त्यातनं कुठंच निघत नाही. आमच्या धंद्याची ही खोड जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को नावाचे बडे मेंदूतज्ज्ञ अशा बायकांना भरल्या सभेसमोर आणून त्यांचे झटके दाखवत. आजाराचं नाव तेव्हा हिस्टेरिया, आणि तो शब्द ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या शब्दावरनं आलेला. म्हणजे तपासायच्या आधीच दोष बाईच्या पोटात! हा आजार पुरुषांनाही होतो. बायकांत जास्त दिसतो, साधारण चार पेशंटांमागं तीन बायका.

आता बघायच्या गोष्टी. मिरगीच्या मोठ्या झटक्यात डोळे बहुधा उघडे असतात, बुबुळं वर नाहीतर एका बाजूला गेलेली. मिरगी नसलेल्या आकडीत डोळे बहुतेक वेळा मिटलेले असतात, आणि आपण पापणी उचलायला गेलो की ती आणखी आवळते. तुम्ही ‘मिटून घेते’ असं लिहिलंय. पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगताना ‘मिटतात’ म्हणा. ‘घेते’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात अर्धा निकाल लागतो.

मग ठेका. मिरगीचा मोठा झटका ठरलेल्या वाटेनं जातो. अंग आधी ताठ होतं, मग भराभर हिसके, मग दोन हिसक्यांमधलं अंतर वाढत जातं आणि एकदम थांबतं, हलगीवाला दमत दमत गेल्यासारखं. हे सगळं बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आटपतं, बघणाऱ्याला ती दहा मिनिटं वाटली तरी. दुसऱ्या प्रकारात ठेका शेवटपर्यंत जवळजवळ तसाच राहतो. हलगी मध्येच थांबते, परत वाजते. उजवा हात एका तालावर, डावा पाय भलत्याच. मान ‘नाही, नाही’ म्हटल्यासारखी डावी-उजवीकडं, कधी पाठीची कमान. आणि हे दहा मिनिटं, वीस मिनिटं, कधी अर्धा तासही चालतं. झटक्यातच डोळ्यांतनं पाणी येणं ही तर मिरगीत फारच क्वचित दिसणारी गोष्ट.

श्वास ऐका. मोठी मिरगी थांबली की माणूस घोरल्यासारखा खोल, घरघरता श्वास घेतो. झटक्यात ओठ निळसर पडलेले असतात. पुढं बराच वेळ तो गुंगीत, काहीबाही बोलतो, अंग ठेचल्यासारखं दुखतं. मिरगी नसलेल्या आकडीनंतर श्वास धाप लागल्यासारखा किंवा शांत असतो, आणि माणूस बऱ्याचदा लवकर भानावर येतो. काहींना आजूबाजूचं बोलणं अर्धवट ऐकू आलेलंही असतं. तेव्हा तिच्या उशाशी बसून कोण काय बोलतं, याचं भान घरात सगळ्यांनी ठेवा. जीभ मिरगीत बहुधा कडेला चावली जाते. दुसऱ्या प्रकारात चावली गेलीच तर टोकाला. कपड्यात लघवी होणं मात्र दोन्हीकडं घडतं. त्यावरनं काहीच ठरत नाही, तरी आम्हा डॉक्टरांसकट सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात.

यातली कुठलीही एक खूण घेऊन निकाल लावायचा नसतो. मेंदूच्या पुढच्या भागातनं सुटणारी मिरगी इतकी विचित्र दिसते की बघणारा शपथेवर नाटक म्हणेल. पाय सायकल मारल्यासारखे, ओरडणं, लगेच भानावर येणं, आणि वरनं ईईजीही स्वच्छ. पण ती आखूड असते, दर वेळी हुबेहूब तशीच येते आणि बहुधा झोपेतनं येते. शिवाय साधी भोवळ येऊन पडलेला माणूसही चार-सहा हिसके देतो. तुमच्या सुनेची पहिली आकडी कांडपाच्या दारात, उन्हाळ्यात, मिरचीच्या खकाण्यात, उभ्या उभ्या आली. ती भोवळच असू शकेल. तसं पडल्याची भीती आत राहते, आणि पुढं शरीर तीच वाट परत परत धरतं, हे आम्ही बघतो. तिचा ईसीजी झाला नसेल तर करून घ्या. हृदयाचे ठोके बिघडूनही माणूस असाच पडतो, आणि ते हातचं निसटता कामा नये.

आता दिवाळी. पहाटेची वेळ, झोपेत, जीभ चावलेली, उशीला रक्त, उजाडेपर्यंत ओळख नाही. वर लिहिलेल्या खुणांशी हे ताडून बघा. तुम्ही बाकी जे वर्णन केलंय त्याच्या बरोबर उलट्या बाजूला ही रात्र पडते. तिच्या आईला फोन करून तीनच गोष्टी विचारा: जीभ कडेला चावली होती की टोकाला, श्वास घोरल्यासारखा होता का, आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखत होतं का. झोपेतलं म्हणून लगेच मिरगी, असंही धरू नका. काही पेशंट झोपल्यासारखे दिसतात, पण ईईजीवर मेंदू जागा असल्याचं कळतं. तरी ही रात्र मी सोडणार नाही. मिरगी नसलेली आकडी येणाऱ्यांपैकी साधारण पाचात एकाला खरोखरची मिरगीही असते. म्हणजे घरात दोन पक्ष पडलेत, एक म्हणतो मिरगी, दुसरा म्हणतो नाही, आणि दोघांचंही थोडं थोडं बरोबर निघू शकतं.

तुम्ही बावड्याच्या, म्हणून ईईजीचं तुमच्याच घराजवळचं उदाहरण देतो. पावसाळ्यात सगळं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी विचारत असतं, ३९ फुटांना इशारा, ४३ला धोका. कुणी मे महिन्यात जाऊन पाणी मोजलं आणि सांगितलं की पंचगंगेला पूर येत नाही, तर तुम्ही हसाल. आकडी नसताना काढलेला अर्ध्या तासाचा ईईजी हा मे महिन्यातला बंधारा आहे. मिरगी असलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांचा पहिला ईईजी चांगला येतो. उलटही घडतं. धडधाकट माणसांच्या ईईजीतही काही टोकदार लाटा निरुपद्रवी असतात, आणि घाईनं वाचणारा त्यालाच ‘थोडा बदल’ लिहून मोकळा होतो. चुकीच्या निदानाचं हे एक ठरलेलं कारण आहे. तुमच्याकडचा जुना ईईजी, नुसता रिपोर्ट नव्हे, सगळा ट्रेस म्हणजे लाटांचा मूळ आलेख, दुसऱ्या मेंदूविकारतज्ज्ञाला परत वाचायला द्या.

पूर बघायचा तर पुराच्या वेळी कॅमेरा लावावा लागतो. त्या तपासणीला व्हिडिओ-ईईजी म्हणतात. डोक्याला तारा, समोर कॅमेरा, आणि आकडी येईपर्यंत वाट बघायची, कधी काही तास, कधी तीन-चार दिवस. अंग जोरात हलतंय, हाकेला ओ नाही, आणि मेंदूच्या लाटा मात्र जाग्या, स्वस्थ माणसासारख्या, असं एकाच वेळी दिसलं की निदान पक्कं होतं. तुमच्या सुनेला आठवड्यातनं दोन-तीनदा येते, म्हणजे फार दिवस पडून राहावं लागणार नाही. एक सांभाळा. घरी नेहमी येते तशीच आकडी टिपली गेली का, हे चित्रण बघून तुम्हीच डॉक्टरांना सांगायचं. आणि एक प्रकारची टिपली गेली म्हणून दिवाळीचा दुसरा प्रकार आपोआप खोटा ठरत नाही. ही सोय आपल्या भागात सध्या कुठं आहे ते तुमच्या मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा. नाहीतर पुणे-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत जावं लागेल.

तोवर तुमच्या हातात मोबाईल आहे. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या तज्ज्ञ गटानं २०१३ साली मिरगी नसलेल्या आकडीच्या निदानाच्या खात्रीच्या चार पायऱ्या ठरवल्या. नुसतं घरच्यांचं वर्णन आणि चांगला ईईजी असेल तर ‘शक्य’. डॉक्टरनं आकडी डोळ्यांनी किंवा व्हिडिओत पाहिली की ‘संभाव्य’. व्हिडिओ-ईईजी सगळ्यात वरच्या पायरीवर. म्हणजे तुमच्या साध्या फोनवरच्या चित्रणानं निदान एक पायरी चढतं. चित्रण आल्या आल्या सुरू करा, चेहरा आणि डोळे आधी, मग सगळं अंग दिसेल इतकं मागं सरका. नाव घेऊन हाक मारा, एखादा सोपा शब्द सांगा आणि नंतर तो तिला आठवतो का विचारा. थांबल्यावरही पाच मिनिटं चालू ठेवा, श्वास त्यातच ऐकू येतो. आणि आत्ता, ती धड असताना, तिची परवानगी घ्या. ‘तुझं नाटक पकडतो’ म्हणून काढलेला व्हिडिओ आणि ‘डॉक्टरांना दाखवायला हवा’ म्हणून काढलेला व्हिडिओ दिसायला सारखाच, पण पुढं तिचा तुमच्यावरचा विश्वास त्यावरच ठरतो. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो जाऊ देऊ नका.

आकडीत करायचं थोडकं आहे. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, चूल, पायरी, नातू यांपासून लांब. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, हातात किल्ली नाही, नाकाशी चप्पल नाही. हातपाय दाबून धरू नका, त्यानं मिरगी नसलेली आकडी वाढते. हळू आवाजात ‘मी इथंच आहे, होईल कमी’ एवढं बोला. निदान पक्कं होईपर्यंत पाच मिनिटांपुढं गेली, ओठ निळे पडले, किंवा डोळे उघडे ठेवून दिवाळीसारखी आली तर १०८ला फोन करायचाच. मात्र नेहमीच्या डॉक्टरांकडनं एका कागदावर चार ओळी लिहून घ्या आणि पर्समध्ये ठेवा. रात्रीचा डॉक्टर नवीन असतो. थांबत नाही म्हणून झोपेच्या औषधाचं इंजेक्शनवर इंजेक्शन दिलं जातं आणि चांगल्या माणसाचा श्वास बंद पडून नळी घालायची वेळ येते. असं घडलेलं आहे.

गोळ्या. स्वतःच्या मनानं एकही बंद करू नका. मिरगी असेल तर गोळी एकदम तोडल्यानं झटक्यांमागून झटके लागू शकतात, आणि दिवाळीची रात्र असताना हा जुगार खेळायचा नाही. पण तीन गोळ्या होऊनही आकडी महिन्यातनं एकवरनं आठवड्यातनं तीनवर गेली, हीसुद्धा एक खूण आहे. गोळ्यांना दाद देत नाही म्हणून मिरगीच्या मोठ्या केंद्रांत पाठवलेल्या पेशंटांपैकी शेकडा २० ते ३० जणांना मिरगी नसतेच. जर्मनीतल्या एका पाहणीत आकडी सुरू झाल्यापासून हे निदान व्हायला सरासरी ७ वर्षं लागल्याचं दिसलं. तुमचे चौदा महिने झालेत. आज रात्री गोळ्यांची पाकिटं काढून व्हॅल्प्रोएट हे नाव आहे का बघा. असेल, तर दुसऱ्या बाळाचा विचार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढं नेऊ नका. या औषधावर असताना राहिलेल्या गर्भात साधारण दहातल्या एका बाळाला जन्मजात व्यंग होतं, बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. तिच्या वयाच्या बाईला ते सुरू करताना हे सांगायला हवं होतं. डॉक्टर बदलून दुसरी गोळी देतील किंवा हळूहळू कमी करतील, पण ते त्यांनी करायचं.

वाडीला जायचं तर दर्शनाला जा. दत्ताच्या पायरीवर बसून येण्यानं तुम्हाला बरं वाटणार असेल तर मी कोण अडवणारा. पण ‘उतरवणारा’ कुणी भेटला आणि मारहाण, मिरचीची धुरी, चपला बुडवलेलं पाणी असलं काही सुरू केलं तर तिला घेऊन तिथनं उठा. महाराष्ट्रात २०१३ पासून तो गुन्हा आहे.

आता तुमच्या मनातली खरी भीती, जी तुम्ही एका ओळीत उरकलीत. डॉक्टर ‘मनाचं आहे’ म्हणाले तर भावकीत अर्थ एकच निघणार, सासू छळते. ताई, कारण नेहमी सासरीच असतं असं नाही. काहींच्या लहानपणात मारहाण किंवा लैंगिक अत्याचार असतो, काहींच्यात अपघात, बाळंतपण, एखादं मरण. काहींच्यात शोधूनही ठोस काही सापडत नाही, तरी उपचार होतात. तुम्ही खोदून विचारत बसू नका. माहेरच्यांनाही बसू देऊ नका.

पण एक गोष्ट मला लिहिलीच पाहिजे. हे पत्र तुमचं आहे, तिचं नाही. तुम्ही तिच्या बाजूनं उभ्या आहात हे अक्षराअक्षरात दिसतं. तरी त्या घरात तिला काय होतं, मुलगा दार लावल्यावर तिच्याशी कसा बोलतो, हे तुम्हालाही सगळं ठाऊक असेल असं नाही. म्हणून डॉक्टरांकडं गेल्यावर ‘पंधरा मिनिटं तिच्याशी एकटीशी बोला’ असं तुम्हीच म्हणा आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसा. मुलालाही उठवून न्या.

मुलाला काय सांगायचं? नाटक करणारा माणूस प्रेक्षक गेले की थांबतो आणि त्याला त्यातनं काहीतरी मिळतं. हिला काय मिळालं? पेंगुळलेला दिवस, गळणारे केस, छातीवर वळ, आणि नवऱ्याचं घालूनपाडून बोलणं. फौंड्रीत भट्टीसमोर पाळी करणारा माणूस असो नाहीतर बँकेतला, हा हिशेब त्याला कळतो. उरलेलं त्याला डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. निदान नीट, न चिडता समजावून सांगितलं की तेवढ्यानंच काहींच्या आकड्या कमी होतात. उलट ‘तुला काही झालेलं नाही, जा’ असं ऐकलेला पेशंट दुसऱ्या दारात जातो आणि तिथं गोळी आणखी एक वाढते.

पुढचा उपचार बोलण्याचा असतो. आकडी येण्याआधी अंगात काय होतं, छाती धडधडते, हाताला मुंग्या येतात, आवाज लांब गेल्यासारखे वाटतात, ते ओळखायचं आणि त्या अर्ध्या मिनिटात लक्ष परत जमिनीवर आणायचं. पाय फरशीला टेकवून, गार तांब्या हातात धरून, समोरच्या पाच वस्तूंची नावं घेऊन. मग हळूहळू, ज्या भीतीनं तिनं बाहेर जाणं सोडलंय ते परत सुरू करायचं. काही बैठका लागतात, काही महिने जातात. ब्रिटनमध्ये ३६८ पेशंटांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली आले. वर्षभरानं आकड्यांची संख्या मोजली तर दोन गटांत फार फरक नव्हता, पण ज्यांना हा उपचार मिळाला त्यांचं जगणं, कामावर जाणं, घरात वावरणं काही प्रमाणात सुधारलं होतं. मी जादूचं आश्वासन देत नाही ते यासाठी. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथनं सुरुवात करता येईल. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मेंदूचे डॉक्टर मात्र सोडायचे नाहीत. ‘आमचं नाही, त्यांचं आहे’ म्हणून ते हात झटकू लागले तर दिवाळीची रात्र त्यांच्यासमोर ठेवा.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा: तिच्या आईला फोन, गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं, जुना ईईजी, आणि तिची परवानगी घेऊन एक व्हिडिओ. यंदाचं कांडप तिला टाळायचं असेल तर टाळू दे, यायचं असेल तर येऊ दे. सावलीत खुर्ची टाका म्हणजे झालं. पुढचं पत्र पाठवाल तेव्हा खाली दोन ओळी तिच्या हातच्या असू द्या. तिला काय विचारायचंय ते मला अजून कळलेलं नाही.